एक आगाऊ दिवस

गेले दोन महिने आमच्या दहा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे : हामटा खिंड ओलांडून चंद्रताल. दहापैकी सहा जण याच कॉलेजात शिकतो, चौघे इथून शिकून बाहेर पडलेत. गावं म्हणाल तर पेडणे, कोरगाव, पार्से, मये, साखळी, डिचोली. बूट कुठले घ्यावेत यावर शेकड्यांनी मेसेज झाले. चौदा हजार फुटांवर चहा कसा लागतो यावरही झाले. पण आराखड्यात मोकळे दिवस किती ठेवायचे, या एका प्रश्नावर पहिल्या दिवसापासून भांडण आहे. त्या भांडणात माझी बाजू कुठली आणि का, ते सांगायला हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं : उंचावरच्या ट्रेकच्या आराखड्यात किमान एक दिवस काहीही न करण्यासाठी ठेवला पाहिजे, त्याचे पैसे सर्वांत आधी भरले पाहिजेत, आणि तो दिवस ज्याला परवडत नाही त्याला तो ट्रेकच परवडत नाही असं समजलं पाहिजे. आमच्यातला एक जण या दिवसाला 'आगाऊ दिवस' म्हणतो. त्याच्या तोंडी आगाऊ म्हणजे आगाऊ कार्ट्यासारखा, मध्येच घुसलेला, कुणी न बोलावलेला. मला मात्र दुसरा अर्थ अभिप्रेत आहे : आधीच बाजूला काढून ठेवलेला.

आधी हेच ठिकाण का, ते सांगतो. सुरुवातीला सगळ्यांच्या तोंडी रूपकुंड होतं. पण २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने तिथल्या बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या कुरणांत, मुक्काम करायला मनाई केली, आणि रूपकुंडचा नेहमीचा ट्रेक त्यामुळे थांबला. मग तलाव आणि खिंड दोन्ही एका फेरीत कुठे मिळतात हे शोधताना हामटा सापडली. ही खिंड सुमारे ४,२७० मीटर उंचीवर आहे. अलीकडे कुलूचं हिरवं खोरं, पलीकडे लाहौलचा उघडा, कोरडा मुलूख. चोर्ला घाट चढून बेळगावच्या बाजूला उतरताना पाऊस जसा मागे राहतो, तसाच हा प्रकार, फक्त कितीतरी पटीने मोठा. मेंढपाळ या वाटेने पिढ्यानपिढ्या कळप घेऊन पलीकडच्या कुरणांत जात आले आहेत. खिंड उतरून छत्रूला पोचलं की तिथून गाडीने चंद्रताल. तलाव सुमारे ४,३०० मीटरवर. २००५ सालापासून तो रामसर यादीत आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आपल्या कुडचड्याचं नंदा तळं त्या यादीत २०२२ साली आलं, गोव्यातलं पहिलं. क्षेत्रफळ बघाल तर दोन्ही जवळजवळ सारखीच : नंदा ४२ हेक्टर, चंद्रताल ४९. कुडचड्याच्या तळ्याला वळसा घालायला जेवढा वेळ लागेल, त्याहून फार जास्त चंद्रतालला लागू नये. तिथे पोचायला मात्र आम्हांला बारा दिवस हवेत, आणि काही जणांना ते नऊ करायचे आहेत.

आता नऊ की बारा हा वाद कुठून येतो ते बघा. तो डोंगरातून येत नाही, कॅलेंडरातून येतो. आपल्याला सुट्टी असते मे महिन्यात, तेव्हा हामट्यावर अजून जाड बर्फ असतं आणि वाट उघडलेली नसते. ती साधारण जूनच्या मध्यावर उघडते, तेव्हा आपलं कॉलेज सुरू होतं. जुलै-ऑगस्ट तिथेही पावसाचे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर थंडी इतकी वाढते की चंद्रतालचा रस्ता बंद होण्याच्या बेतात येतो. नाताळच्या सुट्टीचं तर बोलायलाच नको. उरतो सप्टेंबर आणि ऑक्टोबरचे पहिले दिवस. हवा स्वच्छ, पाऊस ओसरलेला, वाट कोरडी. पण सप्टेंबर म्हणजे चवथ. पेडण्या-डिचोलीतलं कुठलं पोर चवथीला घराबाहेर राहील? माटोळीचं सामान आणायला कोण जाणार? २०२५ साली चवथ २७ ऑगस्टला होती, २०२६ साली ती १४ सप्टेंबरला आहे. म्हणजे गणपती पोचवायचे, पाहुणे आवरायचे, आणि अंतर्गत परीक्षा सुरू होण्याआधी जाऊन यायचं. या दोन भिंतींमधल्या फटीत ट्रेक बसवायचा, म्हणून प्रत्येक जण कात्री घेऊन बसलेला. आणि कात्री चालते ती नेहमी ज्या दिवशी 'काही नाही' असं लिहिलंय त्या दिवसावरच. प्रवास कापता येत नाही, चाल कापता येत नाही, मग विश्रांती कापा.

माझी पहिली हरकत इथेच आहे. 'काही नाही' असं लिहिलेल्या दिवशी शरीराचं सगळ्यात जास्त काम चालू असतं.

आपण समुद्राकाठची माणसं. केरीच्या किंवा हरमलच्या किनाऱ्यावर उभे राहिलो की आपली उंची शून्य. डिचोली थोडी वर, पण फरक पडण्याइतकी नाही. गोव्यातला सर्वांत उंच डोंगरही जेमतेम हजार मीटर ओलांडतो. हामट्यावर हवेचा दाब इथल्या सुमारे ६० टक्के असतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच, पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत येणारा प्राणवायू जवळजवळ ४० टक्के कमी. शरीर हे भरून काढतं, पण त्याच्या गतीने : श्वास वाढवतं, नाडी वाढवतं, रक्त आणि मूत्रपिंडं हळूहळू जुळवून घेतात. याला दिवस लागतात. डोंगरी आजारावर काम करणाऱ्या डॉक्टरांचा साधा नियम आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा.

हा नियम घेऊन बाजारात मिळणाऱ्या पाच दिवसांच्या हामटा पॅकेजकडे बघा. पहिल्या दिवशी मनालीहून गाडीने जोब्रा, तिथून चालत चिका : मुक्काम ३,१०० मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी बालू का घेरा : सुमारे ३,७००. तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून शिया गोरू : सुमारे ३,९००. चौथ्या दिवशी छत्रू आणि गाडीने चंद्रताल. पाचव्या दिवशी परत. मनालीत, म्हणजे २,००० मीटरवर, आधीच चार दिवस राहिलेल्या माणसाला हे कदाचित झेपेल. पण मोपाहून सकाळी विमानात बसलेला, दिल्लीहून रात्रीची बस पकडलेला, आणि मनालीत उतरून तोंड धुऊन लगेच जोब्राच्या गाडीत बसलेला पेडणेकर दीड दिवसात समुद्रसपाटीवरून ३,१०० मीटरवर झोपायला जातो. तेही बसमध्ये रात्रभर न झोपता. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला तेव्हा आम्हां पेडणेकरांना जग जवळ आल्यासारखं वाटलं, आणि ते खरंही आहे. पण फुप्फुसं काही विमानाने पोचत नाहीत, ती मागून चालत येतात.

त्यात एक गोष्ट आमच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा सांगावी लागते : दमसास चांगला असणं आणि उंची सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही सराव करतोय. मोपा-तोरशेच्या सड्यावर, मयेच्या चढावर, पाठीवरच्या बॅगेत आठ किलो उकडे तांदूळ घालून. हे हवंच. पाय दुखले नाहीत तर लक्ष जागेवर राहतं. पण उंचीचा त्रास कॉलेजच्या टीमचा स्ट्रायकर आहे म्हणून टळत नाही. उलट दमदार पोरं वेगाने वर जातात आणि तीच आधी आडवी होतात असं खूपदा दिसतं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. तिथे थांबलं तर बहुतेकांचं एका-दोन दिवसांत बरं होतं. तसंच रेटलं तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचण्यापर्यंत जाऊ शकतं, आणि मग खाली उतरवणं हाच खरा उपाय. डायमॉक्सची गोळी उपयोगी आहे, पण डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. करोनापासून घरोघरी ऑक्सिमीटर आलेत. आमच्यातले दोघे तो बरोबर नेणार आहेत. न्या. पण त्यावरचा आकडा म्हणजे वर जायचा परवाना नव्हे. डोकं दुखत असेल तर आकडा काहीही असो, थांबायचं. आणि थांबायला दिवस हवा.

दुसरी हरकत हवामानाची. लोक म्हणतात, "रोज शेकडो जण जातात, कुणाला काय होतं?" बहुतेकांना काही होत नाही हे मान्यच. पण नेमक्या याच वाटेवर काय काय झालंय ते बघा. सप्टेंबर २०१८मध्ये, म्हणजे आम्ही जे दिवस निवडतोय त्याच दिवसांत, लाहौलमध्ये अचानक जोराचा हिमपात झाला. आयआयटी रुरकीचे ३५ विद्यार्थी तेव्हा हामटा ट्रेकवर होते आणि त्यांच्याशी संपर्क तुटला. देशभर बातम्या झाल्या. सुदैवाने सगळे सुखरूप सापडले. जुलै २०२३मध्ये, ऐन उन्हाळ्यात, चंद्रतालला बर्फ पडून अडीचशेहून अधिक पर्यटक कित्येक दिवस अडकले. रस्त्यावरचं बर्फ उपसत त्यांना बाहेर काढावं लागलं. त्याच आठवड्यात खाली बियास नदीने मनालीचे रस्ते वाहून नेले होते. ज्यांनी परतीचं तिकीट तलावाच्या दुसऱ्या दिवसाचं काढलं होतं, त्यांच्या घरच्यांचे ते दिवस कसे गेले असतील?

आणि जून २०२४चं सहस्रताल. उत्तराखंडातल्या या उंच तलावाकडे गेलेल्या २२ जणांच्या गटात बहुतेक जण कर्नाटकातले, आपले शेजारीच. तलावाहून परतताना हिमवादळाने गाठलं. नऊ जण गेले. तेरा जणांना वाचवता आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. त्या गटाचं नियोजन कच्चं होतं असं मी इथे बसून म्हणणार नाही. त्यात अनुभवी माणसं होती, काहींनी वर्षानुवर्षं डोंगर केले होते. मी एवढंच म्हणतो की तासा-दोन तासांत हवा फिरते आणि अनुभवी माणसांनाही सोडत नाही. मग आमच्यासारख्या नवख्यांच्या हाती काय उरतं? एकच गोष्ट : सकाळी तंबूतून डोकं बाहेर काढून आभाळ बघायचं, आणि ते बरं दिसत नसेल तर "आज नाही" असं म्हणायचं. हे म्हणायची सोय आराखड्यात नसेल, तर वाटाड्या कितीही चांगला असला तरी त्याच्या पाठीमागे दहा जणांची परतीची तिकिटं उभी असतात. तोही माणूसच, त्याच्यावरही दडपण येतं.

"आम्ही गोव्याची माणसं, पाऊस आम्हांला नवा नाही," हेही ऐकलं. खरंय. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्यांना भिजण्याचं कसलं भय? बॅगेत प्लास्टिकची पिशवी कशी घालायची, कागदपत्रं कशी कोरडी ठेवायची, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. वर घाटात पाऊस पडला की खालचा ओहोळ ऊन असतानाही फुगतो, हेही सत्तरी-डिचोलीच्या पोरांना माहीत असतं. हिमालयात तोच न्याय वेगळ्या वेळापत्रकाने चालतो : दुपारच्या उन्हात बर्फ वितळतं आणि ओढा चढतो, म्हणून छत्रूकडे उतरताना ओढा सकाळीच पार करायचा. इथपर्यंत आपलं ज्ञान उपयोगी. पण इथे भिजलो तर पंख्याखाली वाळतो, फार तर सर्दी होते. तिथे भिजलेला सुती टीशर्ट आणि वारा एकत्र आले की शरीराचं तापमान ३५ अंशांखाली उतरू शकतं. माणूस आधी थरथरतो, मग बडबडतो, मग त्याला झोप येते. आपल्या सवयीत भिजणं ही गंमत आहे, ती सवयच तिथे धोक्याची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रेनकोट उत्तम मिळतात, पण लोकरीचे मोजे आणि आत घालायचे गरम कपडे इथे शोधून मिळत नाहीत. ते मनालीला भाड्याने मिळतात, आणि ते नीट बघून, घालून, बदलून घ्यायलाही एक मोकळी दुपार लागते. ती दुपारही त्याच आगाऊ दिवसाच्या खात्यात.

आता पैशांचं बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे आणि तिची थट्टा करू नये. आमच्यातल्या दोघांच्या घरी खाणीवर चालणारे ट्रक होते. २०१२ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ला परत थांबल्या. तो काळ डिचोलीतल्या ज्या घरांनी काढलाय, तिथे पोराच्या ट्रेकचा खर्च ही साधी मागणी नसते. एक जण तुयेच्या कारखान्यात लागलाय, त्याला बारा दिवस रजा म्हणजे पगार कापूनच. त्यामुळे "दोन दिवस कमी करूया" हा आग्रह कुणी हौसेने धरत नाही. आमच्या हिशेबाने आगाऊ दिवसाचा खर्च माणशी दीड-दोन हजार पडतो. तो कुणासाठी जड आहे हे मला दिसतं. म्हणून मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, या दिवसाचा खर्च प्रत्येकाच्या वर्गणीत वेगळा न धरता ग्रुपच्या सामाईक पैशातून आधी काढायचा. महागडे बूट, ड्रोन, एकसारखे छापलेले टीशर्ट नंतर. दोन, जायला विमानाऐवजी मडगावहून ट्रेन. वेळ जातो, पण पैसे वाचतात, आणि ट्रेनच्या बर्थवर झोप तरी मिळते. एवढं करूनही जमत नसेल तर या वर्षी जाऊ नये, पुढच्या वर्षी जावं. पाचशे-हजार मीटरच्या आपल्या डोंगरांत, वनखात्याची परवानगी काढून, तीन दिवस हिंडावं. तेही कमी नाही. विश्रांती काढून टाकून स्वस्त केलेला ट्रेक मात्र नको.

दुसरी गोष्ट पैशांपेक्षा अवघड आहे : परत कोण आणि कसा फिरणार. यावर बोलायला कुणालाच आवडत नाही. "मागीर पळोवया," म्हणतात. पण मागाहून बघायचं ठरवलं की वर ते बघितलं जातच नाही.

आमच्यातली एक मुलगी पेडणे तालुक्यातल्या एका वाड्यावरून येते. तिच्या घरून ही पहिलीच परवानगी, तीही काकांनी मध्ये पडून मिळवून दिलेली. ती मला म्हणाली, "मला डोंगराची भीती नाही रे. मी मधूनच परत आले तर आमच्या वाड्यावर पुढच्या कुठल्या मुलीला सोडणार नाहीत, त्याची भीती आहे." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चौदा हजार फुटांवर तिचं डोकं दुखायला लागलं तर ती सांगेल का? तिला जे ओझं आहे ते बॅगेतल्या आठ किलोंपेक्षा जड आहे. मुलग्यांनाही असतंच, फक्त त्यांचं नाव 'मर्दानगी' असतं. एकाला लहानपणी दम्याचा त्रास होता. तो डॉक्टरांच्या फॉर्मवर लिहू की नको, हे विचारत होता. लिही, असं मी म्हटलं. कारण ती माहिती लपवून तो वर गेला तर त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाही कळणार नाही की रात्रीचा खोकला साधा आहे की नाही.

म्हणून आगाऊ दिवस मला नुसता हवामानासाठी किंवा फुप्फुसांसाठी नको आहे. तो खरं बोलण्यासाठी हवा आहे. "मला बरं वाटत नाही" या वाक्याची किंमत जेव्हा दहा जणांचा ट्रेक बुडणं असते, तेव्हा ते वाक्य कुणी उच्चारत नाही. त्याची किंमत एक दिवस थांबणं एवढीच असेल, आणि तो दिवस आधीच पैसे भरून ठेवलेला असेल, तर ते सहज तोंडातून निघतं. थांबून बरं वाटलं तर पुढे जायचं. नाही वाटलं तर एक सोबती आणि एक वाटाड्या घेऊन खाली. कोण कुणाबरोबर उतरेल त्या जोड्या इथेच, डिचोलीत बसून ठरवायच्या. वर ठरवायला गेलं की सोबत उतरणाऱ्याचा चेहरा पडतो, आणि आजारी माणूस तो चेहरा बघून "चालेल, येतो मी" म्हणतो.

"आपण कंपनीला पैसे देतो ना? ते बघतील." हा शेवटचा आक्षेप. चांगली संस्था निवडावीच. वाटाडे किती, प्राणवायूचं सिलिंडर आहे का, जोब्राच्या पुढे मोबाइलला रेंज नसते तेव्हा निरोप कसा पोचवतात, हे सगळं विचारावं. पण संस्थेला आपली आई माहीत नसते, आपला दमा माहीत नसतो, आपण वाड्यावर काय सांगून आलोय ते माहीत नसतं. आणि पाच दिवसांत होतं असं जाहिरातीत लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही, ही त्यांचीही अडचण आहे. जास्तीचा दिवस आपण मागितला तर बहुतेक जण देतात. मागायचा कुणी, हा प्रश्न आपला.

आपण साहित्य मंडळाची माणसं, म्हणून एक जुनी आठवण. काकासाहेब कालेलकर, ज्यांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्या सीमेपलीकडे सावंतवाडीजवळ, ते १९१२ साली हिमालयात पायी हिंडले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, मूळ गुजरातीत. तो प्रवास दिवसांच्या हिशेबाचा नव्हता. आपल्याकडे तेवढा काळ नाही, हे खरंच. परीक्षा आहेत, रजा आहेत, ७५ टक्के हजेरी आहे. मी कुणाला कालेलकर व्हायला सांगत नाही. बारा दिवसांतला एक दिवस मागतोय.

आमचा कागद आता असा आहे. मडगाव ते दिल्ली ट्रेन आणि रात्रीची बस धरून तिसऱ्या दिवशी सकाळी मनाली. तो दिवस आणि ती रात्र मनालीतच. चौथ्या दिवशी चिका. पाचव्या दिवशी बालू का घेरा. सहावा दिवस आगाऊ : सगळे ठीक असतील आणि आभाळ स्वच्छ असेल तरी तिथेच थांबायचं, फार तर दुपारी थोडं वर चढून खाली झोपायला यायचं. सातव्या दिवशी खिंड आणि शिया गोरू. आठव्या दिवशी छत्रू. नवव्या दिवशी चंद्रताल, तंबू काठापासून लांब, कचरा परत आपल्याच पिशवीत. दहाव्या दिवशी अटल बोगद्यातून मनाली. पुढचे दोन दिवस परतीचे. हवेने एखादा दिवस खाल्ला तर चंद्रताल सोडायचा, परतीची ट्रेन नाही, आणि विश्रांती तर नाहीच. तलावासाठी निघालेल्या माणसांनी तलाव सोडायची तयारी ठेवायची हे विचित्र वाटेल, पण तो क्रम आत्ताच ठरवून सगळ्यांनी सह्या केल्या आहेत. दहापैकी आठांनी. दोघे अजून नऊ दिवसांच्या बाजूने आहेत, आणि त्यांच्याशी भांडण चालूच आहे.

कॉलेजकडे माझी एक विनंती आहे. ट्रेकसाठी परवानगीपत्र द्याल तेव्हा त्यात परतण्याच्या तारखेपुढे एक दिवस जास्त लिहा. हजेरीचा प्रश्न त्या एका ओळीने सुटतो, आणि वर कुणाला घड्याळाकडे बघत उतरावं लागत नाही. पालकांना जाणारा कागदही खरा असावा. त्यात उंची लिहावी, रेंज नसणारे दिवस लिहावेत, आणि 'मधूनच परत येणं हा ठरलेल्या योजनेचाच भाग आहे' हे वाक्य ठळक लिहावं. पेडण्याच्या त्या मुलीच्या घरी हे वाक्य प्राचार्यांच्या सहीखाली पोचलं, तर आम्ही दहा मित्रांनी सांगण्यापेक्षा त्याला शंभर पटीने वजन येईल.

पुढच्या वर्षी या कॉलेजातून कुणी जायचं ठरवलं तर आमचा कागद मागून घ्या. बूट बदला, जेवण बदला, महिना बदलता आला तर तोही बदला. सहावा दिवस मात्र खोडू नका.